खटका आणि ताप : देवळाली कॅम्पच्या निमित्ताने

इंग्रजी शब्दकोशांत ‘डूलॅली’ हा शब्द आजही सापडतो. अर्थ साधारणपणे ‘डोके फिरलेला’, ‘भ्रमिष्टासारखे वागणारा’. हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीवरून आला हे आपल्याकडे अनेकांना ऐकून ठाऊक असते आणि ते सांगताना सांगणाऱ्याच्या आवाजात थोडा अभिमानही असतो, तो कशाचा हे मला कधी नीट कळलेले नाही. मूळ प्रयोग दोन शब्दांचा होता : ‘डूलॅली टॅप’. त्यातला ‘टॅप’ ऐकायला इंग्रजी वाटला तरी तो आपला ‘ताप’ आहे. देवळालीचा ताप. गोऱ्या शिपायांनी गावाचे नाव आणि रोगाचे नाव दोन्ही इथूनच उचलले, स्वतःच्या जिभेला सोयीचे करून घेतले आणि जहाजावर चढताना बरोबर नेले.

हा ताप कशाने येत असे? देवळालीची छावणी १८६० च्या दशकात उभी राहिली. मुंबई बंदरात उतरलेल्या पलटणी घाट चढून इथे येत आणि पुढे हिंदुस्थानभर पांगत. ज्यांची नोकरीची मुदत संपली ते इथेच येऊन परतीच्या जहाजाची वाट पाहत. जहाजे हिवाळ्याच्या हंगामात सुटत. हंगाम चुकला की महिनोन्‌महिने काम नाही, कवायत नाममात्र आणि वाट पाहणे तेवढे उरे. फ्रँक रिचर्ड्‌स या जुन्या शिपायाने ‘ओल्ड सोल्जर साहिब’ (१९३६) या आठवणींच्या पुस्तकात या छावणीविषयी लिहिले आहे. शिपाई विचित्र वागू लागत ते तिथल्या कंटाळ्यामुळे, असे त्याचे मत. उन्हाला, हवेला, हिंदुस्थानला दोष देणाऱ्या अनेक साहेबी लेखकांपेक्षा हा साधा शिपाई मला अधिक विश्वासार्ह वाटतो. माणसाला एका अवस्थेतून काढून दुसऱ्या अवस्थेत जाऊ न देता मध्येच धरून ठेवले होते, आणि त्या धरून ठेवण्याची किंमत कोणाच्या ना कोणाच्या डोक्यातून वसूल होत होती.

या शब्दाकडे मी पुन्हा वळलो ते एका वेगळ्याच कारणाने. नाशिकला अभियांत्रिकी शिकवणारे एक स्नेही मराठीतून व्याख्यान देणार होते. विषय होता उच्च वारंवारतेच्या विद्युत्‌लहरींसाठी वापरले जाणारे ‘फेज चेंज’ पदार्थांचे स्विच. त्यांनी विचारले, “तुम्ही भाषेची माणसं. ‘फेज’ला काय म्हणायचं आणि ‘स्विच’ला काय म्हणायचं, तेवढं सांगा.” प्रश्न पाच मिनिटांचा वाटला होता. तो काही महिने पुरला.

‘फेज’च्या बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे. चंद्राच्या फेजला आपण ‘कला’ म्हणतो आणि विज्ञानाच्या परिभाषेत लहरीच्या फेजलाही ‘कला’च म्हणतात, लहर आपल्या फेऱ्यात कुठवर आली आहे हे सांगणारी ती कला. पदार्थाच्या फेजला, म्हणजे बर्फ, पाणी, वाफ यांना, ‘प्रावस्था’ असा वेगळा शब्द आहे. शेतकरी ‘थ्री फेजची लाईट रात्री येते’ म्हणतो तेव्हा तो कलेविषयी बोलत असतो, प्रावस्थेविषयी नव्हे. इंग्रजीत या सगळ्यांना एकच शब्द असल्याने विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो. मराठीत तो व्हायचे कारण नाही, पण आपण मराठीत शिकवतच नसल्याने तोही फायदा वाया जातो.

‘स्विच’ला मात्र मी ‘खटका’ सुचवला. घरोघरी तो शब्द होताच. बंदुकीलाही खटका असतो, पेटीच्या कुलपालाही असतो. शब्दात आवाज आहे आणि आवाजाच्या पाठोपाठ अडकून राहण्याचा अर्थही आहे : खटका पडला की पडलेला राहतो, पुन्हा हलवेपर्यंत. हा दुसरा अर्थ मला त्या वेळी किरकोळ वाटला होता. स्विचचा इतिहास वाचू लागल्यावर लक्षात आले की सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते. अवस्था बदलण्याचा खर्च वेगळा आणि बदललेली अवस्था टिकवण्याचा खर्च वेगळा. यातला कोणता कमी करायचा, याची ओढाताण सव्वाशे वर्षे चालली आहे.

तिची सुरुवात एका काचेच्या नळीत होते. १८९० मध्ये एद्वार ब्रांली या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले की धातूचा कीस भरलेल्या नळीतून वीज सहजासहजी जात नाही. पण जवळपास ठिणगी पडली, म्हणजे विद्युत्‌चुंबकीय लहर येऊन धडकली, की कीस एकमेकांना चिकटतो आणि वाट मोकळी होते. ऑलिव्हर लॉज यांनी या नळीला ‘कोहेरर’ नाव दिले, चिकटणारी म्हणून. उच्च वारंवारतेच्या लहरीने चालणारा हा पहिला व्यवहारोपयोगी खटका म्हणता येईल. त्याला स्मृती होती. लहर निघून गेली तरी कीस चिकटलेलाच राही. पुढचा संदेश ऐकायचा तर आधीचा विसरायला लावणे भाग होते, आणि त्यासाठी नळीवर टपली मारावी लागे. लॉज आणि पुढे मार्कोनी यांच्या यंत्रांत त्या कामासाठी छोटी हातोडी बसवलेली असे. इंग्रजीत या टपलीला ‘टॅप’ म्हणतात. म्हणजे एकाच काळात एक टॅप देवळालीत डोके बिघडवत होता आणि दुसरा युरोपात यंत्राचे डोके ताळ्यावर आणत होता. शब्दांचा हा निव्वळ योगायोग आहे. त्यातून सिद्ध काहीच होत नाही, पण नोंदवल्याशिवाय राहवले नाही.

कोलकात्यात जगदीशचंद्र बोस याच नळीच्या मागे लागले होते. १८९५ मध्ये त्यांनी मिलिमीटरमध्ये मोजाव्या लागणाऱ्या आखूड लहरींचे जाहीर प्रयोग केले. त्यांना टपली नको होती. आपोआप पूर्वपदावर येणारा ग्राहक हवा होता. त्यांनी लोखंड आणि पाऱ्याचा तसा ग्राहक केला, आणि गॅलेना या शिशाच्या गंधकयुक्त खनिजाच्या ग्राहकासाठी १९०१ मध्ये केलेल्या अर्जावर त्यांना १९०४ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. वारंवार वापरलेला कोहेरर ‘थकतो’, त्याला विश्रांती दिली की पुन्हा तरतरीत होतो, हे त्यांना दिसले. तिथूनच सजीव आणि निर्जीव यांच्या प्रतिसादांतील साम्यावरचे त्यांचे १९०२ चे पुस्तक निघाले. त्या पुस्तकाकडे आपण बहुधा अध्यात्माच्या अंगाने पाहतो. त्याचे मूळ एका हट्टी खटक्याच्या तक्रारीत आहे, हे विसरले जाते.

पुढचा टप्पा महाराष्ट्राच्या नकाशावर दाखवता येतो. १९२७ मध्ये इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यात ‘बीम वायरलेस’ची सेवा सुरू झाली. आपल्या बाजूचे प्रक्षेपण खडकीहून होई आणि ग्रहण दौंडला. दोन्हींमध्ये सत्तर-ऐंशी किलोमीटरचे अंतर. इंग्लंडमध्येही तसेच, ग्रिम्सबीला एक आणि स्केगनेसला दुसरे. बोलणारे तोंड आणि ऐकणारा कान शेजारी ठेवले तर स्वतःच्याच ओरडण्याने कान बधिर होतो, त्यावर हा उपाय होता. जागा भरपूर असेल तर चांगला उपाय.

रडारला ही चैन परवडत नव्हती. तिथे एकच अँटेना बोलणार आणि तीच ऐकणार. बोलताना लाखो वॉटचा स्पंद, ऐकताना एका वॉटच्या अब्जांशाहून कितीतरी क्षीण प्रतिध्वनी. स्पंद बाहेर पडत असताना ग्राहकाचा रस्ता बंद हवा, नाहीतर तो जळून जाईल. स्पंद संपताच उघडा हवा, नाहीतर रडार जवळच्या लक्ष्याबाबत आंधळे होईल. प्रकाशाच्या वेगाने जाऊन परत यायचे म्हणजे एका मायक्रोसेकंदाच्या उशिरामागे १५० मीटरचे आंधळेपण. इतक्या लवकर कोणताही धातूचा खटका हलत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे विरळ वायूने भरलेली नळी. तिला तिच्या कर्त्यावरून सटन नळी म्हणत. जबरदस्त स्पंद आला की नळीतला वायू आयनीभूत होतो, क्षणभर वाहक बनतो आणि ग्राहकाकडे जाणारी वाट झाकून टाकतो; स्पंद ओसरला की वायू पुन्हा निमूट वायू. दार लावणारा कोणी नाही. येणाऱ्या वादळाच्या जोरानेच दार लागते. वायूने लवकर पूर्वपदावर यावे म्हणून अशा नळ्यांत पाण्याची थोडी वाफ मिसळत. कोहेररच्या नेमका उलटा स्वभाव : याला काही आठवतच नाही, आणि न आठवणे हाच त्याचा गुण.

देवळालीचा या यंत्रांशी संबंध वापराचा आहे, शोधाचा नाही. तोफखान्याची शाळा इथे आहे. १९८९ मध्ये हवाई संरक्षणाचे प्रशिक्षण ओडिशातील गोपाळपूरला हलवले गेले, तोवर विमानविरोधी तोफांचे शिक्षणही इथेच होई, आणि त्या तोफा रडारच्या डोळ्यांनी नेम धरत. आजही ‘तोपची’ नावाचे वार्षिक प्रात्यक्षिक देवळालीच्या मैदानावर होते आणि त्याचे आवाज आसपासच्या गावांना परिचित आहेत. गंमत अशी की बीबीसीची १९७४ ते १९८१ या काळातील एक लोकप्रिय विनोदी मालिका देवळालीतील तोफखान्याच्या नाट्यपथकावर बेतलेली होती. तिचा एक लेखक जिमी पेरी युद्धकाळात स्वतः तोफखान्यात होता आणि इथल्या पथकात कामही करत असे. इंग्रजीने देवळालीला दोनदा साहित्यात आणले, एकदा वेड म्हणून आणि एकदा विनोद म्हणून. मराठीने या छावणीकडे बहुतेक हवापालटाचे ठिकाण म्हणूनच पाहिले.

महायुद्धानंतर अर्धसंवाहकांचा काळ आला. १९५० च्या दशकात ‘पिन डायोड’ हा सिलिकॉनचा खटका पुढे आला आणि त्याने उच्च वारंवारतेच्या मंडलांचा ताबा घेतला. तो लहान, जलद आणि टिकाऊ. त्याची एकच अट : वाट उघडी ठेवायची असेल तर त्यातून सतत प्रवाह वाहता ठेवला पाहिजे. प्रवाह थांबला की तो बंद. घरातला दिवा चालू राहावा म्हणून खटक्यावर बोट दाबून उभे राहावे लागले तर कसे होईल, तसे. एकदोन खटक्यांचे काही वाटत नाही. पण जिथे असे हजारो खटके एकत्र लागतात तिथे हे बोट दाबून धरणे महाग पडते, वीज खाते आणि उष्णता निर्माण करते. मला इथे देवळालीच्या बराकी आठवल्या. तुलना फार ताणू नये हे खरे. पण काहीही न करता जागच्या जागी धरून ठेवण्यालाही इंधन लागते, ही गोष्ट साम्राज्याच्या हिशेबनिसांना ठाऊक असणारच.

आता ज्याच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला तो माणूस. स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की, जन्म १९२२, अमेरिकेतील अ‍ॅक्रन गाव. लेथवर काम करणारा यंत्रकारागीर. महाविद्यालयाची पदवी नाही. बोसांप्रमाणे त्यालाही मज्जापेशींचे कुतूहल होते. पेशी उत्तेजना एका मर्यादेपर्यंत सोसते आणि मर्यादा ओलांडली की एकदम पेटते, मग असाच खटका पदार्थातून का करता येऊ नये, असे त्याला वाटले. भौतिकीतली मंडळी तेव्हा शुद्ध, नीटस, एकसंध स्फटिकांच्या मागे होती. त्याने उलट वाट धरली : तेल्युरियम, आर्सेनिक, सिलिकॉन, जर्मेनियम यांचे काचेसारखे, विस्कळीत मिश्रण. नोव्हेंबर १९६८ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये त्याचा निबंध आला. त्यात दोन प्रकारचे खटके होते. एक दाब असेपर्यंत उघडा राहणारा आणि दुसरा एकदा उघडला की उघडाच राहणारा. वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर गाजावाजा केला आणि तज्ज्ञांनी नाके मुरडली. गाजावाजा अवाजवी होता, हे मान्य केले पाहिजे. त्याच्या घोषणा आणि प्रत्यक्ष उत्पादन यांत दशकांचे अंतर पडले. नाके मुरडणेही अर्धेच शास्त्रीय होते, उरलेले अर्धे पदवी नसलेल्या माणसाविषयीचे. नेव्हिल मॉट या थोर भौतिकीविदाने मात्र त्याला गांभीर्याने घेतले. मॉट यांना १९७७ चे नोबेल ज्या कामासाठी मिळाले त्यात अशा विस्कळीत पदार्थांचे सिद्धांतन होते. आपल्यापैकी अनेकांनी ओव्हशिन्स्कीची कल्पना न कळत हाताळली आहे. पुसून पुन्हा लिहिता येणारी सीडी १९९७ पासून बाजारात आली, ती याच घराण्यातल्या पदार्थाच्या थरावर लेझरने उमटत असे. प्रबंधाचे किती मसुदे तसल्या चकत्यांवर राहून गेले असतील!

हे घडते कसे, ते स्वयंपाकघरातून समजते. साखर वितळवून पाक पटकन थंड केला तर तो काचेसारखा होतो : पारदर्शक, ठिसूळ, आत कसलीच रांग नाही. तोच पाक सावकाश, शांतपणे ठेवला तर रेणूंना आपापल्या जागा शोधायला वेळ मिळतो आणि खडीसाखर धरते. पदार्थ एकच, उष्णता किती वेळ मिळाली आणि ती किती घाईने काढून घेतली, यावर रूप ठरते. जर्मेनियम टेल्युराइड हा पदार्थ असाच वागतो. खडीसाखरेच्या रूपात तो वीज चांगली वाहतो, काचेच्या रूपात अडवतो, आणि दोन रूपांच्या विद्युत्‌रोधांत लाखपटींचा फरक पडतो. सातशे अंशांच्या वर वितळवून क्षणार्धात थिजवला की खटका बंद. त्याहून बऱ्याच कमी तापमानावर जरा जास्त वेळ ठेवला की खटका चालू. ‘जरा जास्त’ म्हणजे मायक्रोसेकंदाच्या आसपास. पुढे कोणी बोट दाबून धरायला नको. वीज गेली तरी तो ज्या रूपात आहे त्याच रूपात राहतो.

यातल्या जर्मेनियमची एक भाषिक नोंद वाचकांसाठी. हे मूलद्रव्य सापडण्यापूर्वीच मेंडेलेव्ह यांनी १८७१ मध्ये त्याचे भाकीत केले होते आणि त्याला तात्पुरते नाव दिले होते ‘एक-सिलिकॉन’. हा ‘एक’ संस्कृतातला. १८८६ मध्ये विंकलर यांना ते सापडले आणि त्यांनी ते आपल्या देशाच्या नावावर चढवले.

रेडिओलहरींसाठी या पदार्थाचा खटका खऱ्या अर्थाने उभा राहिला तो २०१० नंतर, अमेरिकी प्रयोगशाळांत, संरक्षणसंशोधनाच्या पैशावर. २०१३ मध्ये नॉर्थ्रॉप ग्रमनच्या संशोधकांनी एक नेटकी रचना प्रसिद्ध केली : लहर जाईल ती पट्टी वेगळी आणि तिला तापवणारी तार वेगळी, दोहोंमध्ये विद्युत्‌रोधी थर. हुकूम देणारा आणि हुकूम पाळणारा यांचे रस्ते एकमेकांत मिसळत नाहीत. खटका चालू असताना लहर किती कमी अडते आणि बंद असताना किती कमी झिरपते, या दोन्हींचा मिळून जो गुणांक काढतात, तो पुढच्याच वर्षी त्यांनी १२.५ टेराहर्ट्‌झपर्यंत नेला. या खटक्यालाही दोष आहेत. लहर फार जोरकस असेल तर काचरूप स्वतःच कोसळून वाहू लागते. आणि पदार्थ वितळवण्या-थिजवण्याच्या फेऱ्या मोजक्याच सोसतो. सटन नळीने सेकंदाला शेकडो वेळा जे केले ते याच्याकडून अपेक्षू नये. बंधुत्व सांगणारा दुसरा पदार्थ व्हॅनेडियम डायऑक्साइड. १९५९ मध्ये बेल प्रयोगशाळेत मॉरिन यांना दिसले की ६८ अंशांच्या आसपास तो एकाएकी धातूसारखा वागू लागतो. तो निवला की सारे विसरतो. म्हणजे एकाच आधुनिक घराण्यात कोहेररचाही वारस आहे आणि सटन नळीचाही.

महाराष्ट्रात सूक्ष्मलहरींच्या अभियांत्रिकीची एक संस्थात्मक वाट आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७७ मध्ये सुरू झालेल्या एका विशेष विभागातून १९८४ मध्ये ‘समीर’ ही स्वायत्त संस्था झाली, ती पवईच्या आयआयटीच्या आवारात. दुसरी वाट बंगळूरहून देवळालीकडे येते. १९९९ च्या कारगिल युद्धात शत्रूच्या तोफा नेमक्या कुठून मारा करत आहेत हे शोधणाऱ्या रडारची उणीव तीव्रतेने भासली. त्यानंतर देशात विकसित झालेले ‘स्वाती’ रडार मार्च २०१७ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी लष्कराच्या स्वाधीन केले. येणारा गोळा हवेत असतानाच त्याची वाट मोजून तो कुठून सुटला हे ते सांगते, आणि अशा रडारांचा धनी तोफखानाच. अशी रडारे अँटेना न फिरवता नजर फिरवतात : शेकडो-हजारो घटकांमधल्या लहरींच्या कला किंचित मागेपुढे केल्या की झोत वळतो.

इथे माझ्या स्नेह्यांच्या प्रश्नाचे दोन्ही भाग एकत्र आले. कला बदलायच्या तर लहरीला कधी या लांबीच्या तर कधी त्या लांबीच्या वाटेने पाठवावे लागते, आणि वाटा बदलायला खटके लागतात. पुढच्या पिढीच्या यंत्रांत ते खटके जर्मेनियम टेल्युराइडचे असावेत असा प्रयत्न चालू आहे. म्हणजे प्रावस्था बदलून कला बदलायची. इंग्रजीत हे वाक्य ‘फेज बदलून फेज बदलायची’ असे होते आणि ऐकणारा बुचकळ्यात पडतो. मराठीत ते पहिल्याच फटक्यात स्वच्छ होते. व्याख्यानात त्यांनी हे वाक्य फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “पण सर, याला खटका का म्हणायचं? याचा आवाज कुठे येतो?” त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी तिला बंदुकीचा खटका आणि पेटीचा खटका सांगितला, पडला की पडलेला राहणारा. तिने तो शब्द वहीत उतरवून घेतला आणि पुढे कंसात ‘न दाबता राहतो’ असे लिहिले.